डोळे आखायच्या आधी

"वत्सला, तुझ्या सुनेनं सकाळपासून अर्धा माठ संपवला," आक्का म्हणाल्या. "उपवास धरलाय की पाण्याचा रतीब लावलाय?"

मी साच्यातून गणपतीचा मातीचा उंदीर काढत होते. उंदीर काढताना मी बोलत नाही, शेपटी तुटते. शेपटी सुखरूप बाहेर आल्यावर म्हटलं, "पाण्याला बंदी नाही, आक्का. तुमच्या वडलांनीच सूट दिलीय."

"सूट घोटभर पाण्याची. माठाची नव्हे."

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वैधव्य आल्यावर माहेरी आल्या आणि कारखान्याचे सगळे नेमधर्म त्यांनी आपल्या पदरात घेतले. पुढे माझा नवराही गेला. मग कारखाना माझ्या हातात आणि नेम त्यांच्या हातात, असं आमचं चाललं होतं. मी तिसरीपर्यंत शिकलेली, त्या तेवढ्याही नाहीत. पण आमच्या दोघींच्या तोंडापुढे व्यापारी उभा राहायला घाबरायचा.

पेणच्या बाजूला आमचं गाव. तिथे घरटी गणपतीचे कारखाने. माती कोणीही मळतं, अंगाचा रंग कोणीही मारतं. डोळे आखणारा हात मात्र सगळ्यांकडे नसतो. आमच्याकडे तो हात माझ्या सुनेचा होता, रेवतीचा. माझ्या मोरेश्वरला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, डोळे आखायला दिले की गणपती दचकल्यासारखा दिसायचा. आईनं असं बोलू नये, पण दिसायचा. रेवतीनं आखले की तो तुमच्याकडे बघायचा आणि तुम्ही सकाळपासून काय काय केलंत ते तुम्हाला आठवायचं.

सासऱ्यांनी घालून दिलेला नेम असा, की मंडळाच्या मोठ्या मूर्तीचे डोळे जो आखणार त्यानं आदल्या रात्रीपासून अन्न घ्यायचं नाही. दुसरा डोळा पुरा झाला की मग जेवायचं. घरगुती मूर्तींना हा नेम नाही. असता तर आमचं अख्खं घर श्रावणातच उपाशी मेलं असतं.

त्या दिवशी उरणच्या मंडळाची मूर्ती होती. रेवती बांबूच्या परांचीवर चढून बसली होती. तिच्याकडे खालून बघताना मला तिच्या पायांची हाडं दिसली. चैत्रात या पोरीच्या पायातले पैंजण रुतायचे. आता ते घोट्यावरून खाली घसरले होते.

चैत्रातच नाक्यावरच्या डॉक्टरनं तिच्या रक्तात साखर आहे म्हणून सांगितलं होतं. गोळ्या दिल्या, गोड बंद केलं, भात कमी केला. तिनं इमानानं सगळं पाळलं. साखर उतरेना, तर तिनं आपणहून भाकरीही अर्धी केली. तरी उतरेना. मग घरातले सगळेच तिच्या ताटावर नजर ठेवू लागले. मोरेश्वर विचारायचा, "चोरून खातेस का काही?" आक्का तर नैवेद्याचे मोदक मोजून ठेवायच्या. उपवासाचा दिवस आला तेव्हा त्या म्हणाल्या, "बरंच झालं. देवाचंही होईल आणि साखरही जळेल." मलाही ते पटलं होतं. जे खाल्ल्यानं वाढतं ते न खाल्ल्यानं उतरणार, यात न पटण्यासारखं काय होतं?

आक्का वाईट नव्हत्या, हे सांगून ठेवते. त्या दिवशी पोरीला सोबत म्हणून त्यांनीही उपवास धरला होता.

"आई," रेवतीनं वरून हाक मारली. "जरा बघता का? मला बुबुळं दोन दिसतायत."

मी वर बघितलं. डावा डोळा झाला होता, चांगला झाला होता. उजवा कोरा होता.

"एकच आहे," मी म्हटलं. "उतर खाली."

"दुसरा डोळा झाल्याशिवाय उतरू नकोस," आक्का म्हणाल्या.

ती उतरली ती धडपणे उतरलीच नाही. मोरेश्वरनं धरली म्हणून वाचली. खाली बसली आणि भडाभडा ओकली, नुसतं पाणी. आक्का धावल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "पित्त झालंय. रिकाम्या पोटी होतं. लिंबू-साखर... नाही, साखर नको. नुसतं लिंबू आणा."

मी तिचं तोंड पुसायला वाकले तर मला पिकल्या केळ्यांचा वास आला. घरात त्या दिवशी केळं नव्हतं. आणि तिचा श्वास असा चालला होता, की जणू ती स्टेशनपासून पळत आलीय.

"मोरू, टेम्पो काढ."

"आई, टेम्पोत मूर्ती भरल्यात. संध्याकाळपर्यंत पोचवायच्यात."

"उतरव."

"अगं पण गिऱ्हाईक..."

"गणपतीला बसायला पाट आहे. तो थांबेल. ही थांबेल असं मला दिसत नाही."

आक्का मूर्तीकडे बघत होत्या. "एका डोळ्यावर सोडून चाललात?" त्या म्हणाल्या. "वत्सला, असं कधी झालं नाही या घरात."

"आज झालं," मी म्हटलं आणि टेम्पोत रेवतीचं डोकं मांडीवर घेऊन बसले. भोवती पेंढा आणि कागद होता. वाटेत तिनं एकदा डोळे उघडले आणि विचारलं, "आई, डावा बरोबर आलाय ना?" मी म्हटलं, "गप पड."

पनवेलच्या दवाखान्यात नर्सनं तिच्या बोटातून थेंब काढला. यंत्रावर आकडाच उमटला नाही, दोन इंग्रजी अक्षरं आली. मी विचारलं, "बिघडलंय का?" नर्स म्हणाली, "यंत्र नाही बिघडलं, आजी. साखर यंत्राच्या वर गेलीय." आणि सगळे पळायला लागले. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताला आणखी काही. आम्हाला बाहेर काढलं.

मोरेश्वर भिंतीला टेकून म्हणाला, "हिनं काहीतरी खाल्लं असणार."

"काय खाल्लं? पेंढा?"



रेवती दोन दिवस आत होती. तिसऱ्या दिवशी उठून बसली, चहा मागितला. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावलं. नाखवा आडनाव. आमच्याच बाजूची होती, बोलायला सरळ.

"हिला उपाशी कोणी ठेवलं?" तिनं आधी तेच विचारलं.

"साखर आहे म्हणून खाणं कमी केलं," मी म्हटलं. "आणि त्या दिवशी देवाचा उपवास होता."

"आजी, हिची साखर तुमच्या शेजारच्या काकांसारखी नाही. ते खातात जास्त आणि त्यांचं शरीर कंटाळतं. हिचं तसं नाही. हिच्या पोटात, जठराच्या मागे, एक ग्रंथी आहे, स्वादुपिंड. त्यात इन्सुलिन बनतं. ते असलं तर रक्तातली साखर अंगाला लागते. हिच्याकडे ते जवळजवळ संपलंय. मग साखर रक्तात नुसती फिरत राहते, अंगाला काहीच मिळत नाही. अंग उपाशी म्हणून चरबी जाळतं, त्याचं आम्ल होतं. तुम्हाला केळ्यांचा वास आला म्हणालात ना, तो त्याचा. हिला उपाशी ठेवलंत तर साखर उतरत नाही. हीच उतरते."

"संपलं म्हणजे? कशानं संपलं?"

तिनं एक जाड पुस्तक काढलं आणि त्यातलं रंगीत चित्र माझ्यापुढे ठेवलं. मी चाळीस वर्षं रंगात हात घातलेली बाई. चित्र मला वाचता येतं. मधे फिकट गुलाबी बेटासारखं काहीतरी होतं आणि त्याच्या कडेला जांभळे ठिपके दाटले होते. एका बाजूनं ते आतही शिरले होते.

"हे मधलं," डॉक्टरीण म्हणाली, "इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं बेट. अशी लाखो बेटं असतात त्या ग्रंथीत. आणि हे जांभळे..."

"जंतू."

"नाही. सगळ्यांना तसंच वाटतं. हे तिचेच आहेत, तिच्याच रक्तातले. यांचं काम राखण करायचं. बाहेरून जंतू आला की हे त्याला घेरतात आणि मारतात. हिच्या बाबतीत यांनी घरातल्यालाच परका धरलं. बेटाभोवती जमले आणि एकेक पेशी मारत गेले. मुंबईला रक्त पाठवलं होतं, त्यात त्यांच्या खुणा सापडल्यात."

मोरेश्वर चित्राकडे बघतही नव्हता. मी बघत होते.

"त्या मधल्यांनी काय केलं होतं?" मी विचारलं.

"काही नाही. आपलं काम करत होते."

"मग परके का वाटले?"

"ते पक्कं अजून कोणालाच माहीत नाही. थोडं रक्तातून येतं, थोडं कशानं तरी चाळवतं. जगभर शोध चाललाय."

"एवढं जाड पुस्तक आणि माहीत नाही?"

ती हसली. "म्हणून तर जाड आहे."

"हे कधीपासून चाललं होतं?"

"आतल्या आत बरेच महिने, कदाचित एखाददोन वर्षं. बरीच बेटं जाईपर्यंत वरून काही दिसत नाही. उरलेली बेटं काम ओढतात ना."

मोरेश्वरनं तेव्हा तोंड उघडलं. "म्हणजे लग्नाच्या आधीपासून असेल?"

"तुमचं लग्न कधी झालं?"

"पाच वर्षं झाली," मी म्हटलं. "आमच्या घरात आल्यावर झालंय ते. माहेरावर ढकलायला जागा नाही, मोरू. पुढे विचार."

"कोणावरच ढकलू नका," डॉक्टरीण म्हणाली. "तिनं काही खाल्लं म्हणून नाही, कोणी काही केलं म्हणून नाही. त्या राखणदारांना थांबवायचं औषध आज माझ्याकडे नाही. माझ्याकडे एवढंच आहे, की ते बेट जे बनवत होतं ते बाहेरून द्यायचं. रोज सुई, जन्मभर. सुई चुकवायची नाही आणि जेवण चुकवायचं नाही. जेवढ्या जेवणाची सुई घेतली तेवढं जेवण पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर साखर एकदम खाली जाते. हात कापतो, घाम फुटतो, माणूस पडतो."

"हात कापतो?"

"हो. का?"

"डोळे आखते ती," मी म्हटलं.

सुई कशी घ्यायची, बाटली कुठे ठेवायची, किती जेवणाला किती, हे सगळं नर्सनं रेवतीला शिकवलं. मी पण शेजारी बसून शिकले. मोरेश्वर टेम्पोत तेल भरायला गेला होता.

घरी आलो तर आक्का ओटीवर बसून होत्या. रेवतीच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. खरोखर डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मग रेवती आत जाऊन पडल्यावर मला म्हणाल्या, "वत्सला, बस. बोलायचंय."

मी बसले. मोरेश्वर दाराशी उभा राहिला.

"उरणवाले परवा येतायत. मूर्ती एका डोळ्यावर बसलीय. त्यांना कळलंय सगळं, गावात काय लपतं? त्यांचा निरोप आला, डोळा दुसऱ्या कोणाकडून आखून घ्या."

"कोणाकडून?"

"शेजारच्या जोहे गावचा एक जण येतो म्हणतोय. चांगला उपवास धरतो."

"आखतो कसा?"

"ते राहू दे. ऐक माझं. सुईवरचा हात तो. रोज रक्त काढायचं, रोज टोचायचं, वेळेवर जेवायचंच. तिच्यानं नेम होणार नाही आता, आणि नेमाशिवाय मूर्तीला हात लावायचा नाही. मग ती इथे करणार काय? थोडे महिने माहेरी राहू दे. विश्रांती होईल. पुढचं पुढे बघू."

"पुढचं म्हणजे?"

आक्का मोरेश्वरकडे बघू लागल्या. तो जमिनीकडे बघू लागला.

"मोरू, तुला काय वाटतं?"

"मला काय वाटणार, आई."

"तेच विचारतेय. वाटतं का काही?"

"आत्या बोलते त्यात चुकीचं काय आहे? उरणचं मंडळ गेलं तर मागोमाग बाकीचीही जातील. मूल होईल का, ते पण..."

"डॉक्टरणीला विचारलंस ते?"

"नाही."

"मी विचारलं. होईल म्हणाली, नीट सांभाळलं तर."

आक्कांनी माझा हात धरला. "मी वैर करत नाही तिच्याशी. माझ्या बापानं हे उभं केलं. त्याच्या माघारी मी या घराची राखण करतेय. माझं काय चुकलं ते सांग."

 मी हात सोडवला. मी उठले आणि आत गेले.

रेवती पडलेली नव्हती. पिशवी भरून बसली होती. त्यात साड्या होत्या, सुयांचा डबा होता. ब्रश धुऊन तिनं खिडकीत सुकत घातले होते. ते न्यायचे नव्हते.

"कुठे निघालीस?"

"आत्या म्हणाल्या..."

"आत्या काय म्हणाल्या ते मी पण ऐकलं. मी काय म्हणाले?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही काहीच नाही म्हणालात, आई."

"मग पिशवी कशाला भरलीस? माझं बोलून व्हायचंय अजून."

"तुम्ही नका भांडू माझ्यासाठी. त्यांचंही खरंच आहे. माझ्यानं उपवास होणार नाही आता."

"हात कापतो का?"

"नाही. जेवले की नाही कापत." तिनं दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. एकही बोट हलत नव्हतं. "नजर पण साफ झालीय, थोडी उरलीय तेवढी. दोन दिवसांत होईल म्हणाल्या बाई."

"तर मग साड्या बाहेर काढ. चुरगळतील."

उरणवाले ठरल्या दिवशी सकाळी आले. अध्यक्ष बुधाजी शेठ घरत, गळ्यात सोन्याची जाड साखळी, आणि बरोबर पाचसहा पोरं. जोह्याचा आखणीवाला त्यांच्या आधीच येऊन आक्कांजवळ बसला होता, कपाळाला गंध लावून, भुकेनं सुकलेलं तोंड करून. मोरेश्वर खांबाला टेकून होता. मूर्तीपुढे मी पाट मांडला आणि रेवतीला हाक मारली. ती येऊन बसली तसे सगळे तिच्याभोवती गोळा झाले.

मी ताट आणून तिच्यापुढे ठेवलं. तांदळाच्या दोन भाकऱ्या, वालाचं बिरडं, वाटीभर भात.

"हे काय?" आक्का म्हणाल्या.

"न्याहारी."

"इथे? मूर्तीपुढे? डोळा आखायच्या आधी?"

"आखायच्या आधीच. नंतर खाऊन काय उपयोग?"

बुधाजी शेठ खाकरले. "काकी, तुम्ही मोठ्या आहात, मी काय बोलणार. पण तुमच्या कारखान्याचा नेम आहे म्हणून आमचं मंडळ तुमच्याकडे येतं. उपाशी पोटी उघडलेले डोळे म्हणून आम्ही मिरवतो."

"शेठ, तुम्ही सकाळी काय खाऊन आलात?"

एक पोरगं मागं फिस्सकन हसलं. शेठनी त्याच्याकडे वळून बघितलं.

"नेम आमच्या घरचा," मी म्हटलं. "सासऱ्यांनी घातला तेव्हा आखणारे तेच होते आणि त्यांना उपवास झेपत होता. ज्याच्या हातानं मूर्ती बघायला लागते त्याचा हात शुद्धीवर असावा, एवढाच त्याचा अर्थ. हिचा हात उपाशी असला की शुद्धीवर राहत नाही. म्हणून आजपासून हिचा नेम जेवायचा."

"तुला हा अधिकार कोणी दिला, वत्सला?" आक्का म्हणाल्या.

"तुम्ही परवा विचारलंत, तुमचं काय चुकलं. सांगते. राखण करायला बसलात आणि घरातल्यालाच परकं धरलंत. मी तिथं बसून होते, मोरू उभा होता, आणि मधे ही पोरगी होती. तिनं काय केलं होतं? आपलं काम करत होती."

आक्का पदर तोंडाला लावून आतल्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आत मात्र गेल्या नाहीत.

"काकी, हे तुमचं घरचं झालं," शेठ म्हणाले. "आमच्या मूर्तीचं सांगा. हा माणूस उपाशी बसलाय. त्याला आखू द्या."

मी जोह्याच्या माणसाला म्हटलं, "ये बाबा, डावा डोळा बघ. याच्या जोडीचा उजवा आखशील?"

तो पुढे झाला. बराच वेळ डाव्या डोळ्याकडे बघत राहिला. मग त्यानं ब्रश आपल्या पिशवीत परत घातला. "याच्या जोडीचा नाही जमणार," तो म्हणाला. "दोन्ही पुसून नवे आखायला लागतील."

"हा डोळा पुसायचा नाही," मी म्हटलं. "शेठ, हिच्या हातचा नको असेल तर मूर्ती आहे तशी न्या. एका डोळ्यानंही त्याला तुमचं सगळं दिसेल."

रेवती खाली मान घालून बसली होती. ती उठेल असं मला वाटलं. उठली नाही. तिनं डबा उघडला, बाटलीतून औषध ओढलं, पदर सावरून दंड मोकळा केला आणि सगळ्यांदेखत सुई टोचली. मग भाकरी मोडली.

मोरेश्वर खांबापासून सुटला. मला वाटलं बाहेर जातोय. तो माठापाशी गेला आणि तांब्या भरून तिच्या उजव्या हाताशी ठेवला. ती त्याच्याकडे न बघता जेवत राहिली.

एक भाकरी झाली. एवढ्या पुरुषांच्या नजरेसमोर घास उतरेना तिच्यानं. तिनं ताट जरासं पुढे सारलं.

"बस, आई. यांना उशीर होतोय."

"सुई कितीची घेतलीस?"

"सगळ्याची."

"मग सगळं खा."

बुधाजी शेठनी मूर्तीकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. मग धोतर सावरून जमिनीवर मांडी घातली. त्यांच्यामागून पोरंही खाली बसली.

"सावकाश खा," मी रेवतीला म्हटलं. "मंडळ थांबलंय."